डिपॉझिट, तिकीट की दंड?

एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तुम्ही कधी भरला असेल तर हे आठवेल. नाव, जन्मतारीख, दहावी-बारावीचे मार्क, पदवीची टक्केवारी, ठरावीक केबीमध्ये बसवलेला फोटो, पांढऱ्या कागदावर केलेली सही, जातीचा दाखला, परीक्षेसाठी पसंतीची शहरं. एवढं सगळं भरून झालं तरी तुम्ही अजून उमेदवार झालेला नसता. शेवटच्या पानावर एक आकडा असतो. तो भरला की तुम्ही झालात उमेदवार. तोवर तुमची सगळी माहिती त्यांच्याकडे असते, पण तुम्ही नसता.

घरात आणि भावकीत असले फॉर्म भरून द्यायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत प्रत्येक घराण्यात असा एक जण असतोच, ज्याला 'ऑनलाइनचं कळतं'. त्यामुळे हे शेवटचं पान मी बऱ्याचदा बघितलंय. त्या पानावर आलं की बाजूला बसलेला मुलगा गप्प होतो, फोन घेऊन बाहेर जातो, कुणाशी तरी बोलतो आणि परत येऊन म्हणतो, "दादा, कर पेमेंट." दर वेळी मला तोच प्रश्न पडतो. हे पैसे नेमके कशाचे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कॅटचंच बघू, कारण तिचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. २०२१ साली कॅटची फी २२०० रुपये होती. पुढे दर वर्षी शंभर-शंभर वाढत ती २०२४ ला २५०० आणि २०२५ ला २६०० झाली. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना निम्मी. २०२४ च्या परीक्षेला ३.२९ लाख जणांनी नोंदणी केली आणि त्यातले २.९३ लाख प्रत्यक्ष परीक्षेला बसले. सगळ्यांनी निम्मीच फी भरली असं धरलं, तरी रक्कम चाळीस कोटींच्या वर जाते. सगळ्यांनी पूर्ण भरली असं धरलं तर ऐंशीच्या वर. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. आयआयएम तेव्हा २१ होत्या आणि त्यांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा ढोबळमानानं पाच हजारांच्या वर. म्हणजे एका जागेमागे पन्नासहून जास्त लोक पैसे भरतात. कॅटच्या स्कोअरवर इतरही अनेक संस्था प्रवेश देतात हे मान्य, पण तरी भरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती शेवटी एक स्कोअरकार्ड लागतं आणि बाकी काही नाही.

यावर पहिलं उत्तर येतं की ही परीक्षेची किंमत आहे. ते खोटं नाही. देशभर शेकडो केंद्रं, हजारो कॉम्प्युटर, सुरक्षा, पेपर काढणारे, बायोमेट्रिक, सगळ्याला पैसे लागतात. परीक्षेचं केंद्र कोल्हापुरात मिळतं, आदल्या दिवशी पुण्याला जाऊन लॉजवर राहावं लागत नाही, ही सोयसुद्धा त्याच पैशांतून होते. मग हे तिकीट आहे असं म्हणू. सिनेमाचं तिकीट काढलं, सिनेमा आवडला नाही म्हणून कुणी पैसे परत मागत नाही.

पण सिनेमा माझ्यासाठी असतो. परीक्षा कुणासाठी असते? मला स्वतःची बुद्धी मोजून घ्यायची हौस नव्हती. निवड त्यांना करायचीय. लाखो लोकांतून आपल्याला हवे ते कसे वेचायचे ही संस्थेची अडचण आहे. ती सोडवण्याचा खर्च संस्थेनं करायचा, निवडल्या गेलेल्यांनी करायचा, की नाकारल्या गेलेल्यांनी? आत्ता बहुतांश खर्च नाकारले जाणारे करतात, कारण संख्येनं तेच जास्त असतात. एखाद्या खाजगी कंपनीनं नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी उमेदवाराकडून अडीच हजार मागितले तर आपण काय म्हणू? फ्रॉड. पोलिसांच्या जनजागृतीच्या पोस्टमध्येही तेच असतं: नोकरीसाठी आधी पैसे मागितले की सावध व्हा. कॉलेज आणि सरकार यांनी मागितले की मात्र आपण यूपीआयचा पिन टाकतो. सवयीचा भाग आहे.

दुसरं उत्तर जास्त चलाख आहे. फी नसेल तर कुणीही उठून फॉर्म भरेल, म्हणून खरोखर इच्छा असलेलेच यावेत यासाठी फी हवी. सरकारी भरतीच्या वेळीही हे ऐकू येतं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या जास्त जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर आले आणि फी होती खुल्या गटाला १००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. तेव्हा गावोगावी याच विषयावर वाद झाले.

या उत्तरात एक गृहीतक दडलेलं आहे. अडीच हजार रुपये सगळ्यांना सारखेच जड आहेत, असं ते धरून चालतं. ताराबाई पार्कातल्या एखाद्या घरात अडीच हजार म्हणजे रविवारचं बाहेरचं जेवण. तिथला मुलगा 'बघू तर खरं' म्हणून फॉर्म भरू शकतो. करवीर किंवा राधानगरी तालुक्यातल्या दोन म्हशींच्या घरात तेच पैसे गोकुळच्या दहा दिवसांच्या बिलातून निघतात, आणि त्या बिलातून आधी पशुखाद्याचे पैसे वळते झालेले असतात. म्हणजे चाळणी बसवली इच्छेची आणि चाळला जातो खिसा. ज्याला शंभर टक्के जायचंय पण पैसे नाहीत तो अडकतो, आणि ज्याला दहा टक्केच जायचंय पण पैसे आहेत तो आरामात खाली पडतो. शिवाय पैसे भरूनही २०२४ ला साधारण छत्तीस हजार लोक परीक्षेला आलेच नाहीत. कुणी आजारी पडला असेल, कुणाला नोकरी लागली असेल. पण चाळणीतून ते गेलेच ना.

गांभीर्य तपासायचं असेल तर त्यासाठी आपल्याकडे एक जुनी, गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असलेली पद्धत आहे. डिपॉझिट. निवडणुकीला उभं राहायचं तर विधानसभेसाठी दहा हजार आणि लोकसभेसाठी पंचवीस हजार भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे. उद्देश हाच, की हौशे-गवशे उभे राहू नयेत. पण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली, तर हरलेल्या उमेदवारालाही ते पैसे परत मिळतात. 'डिपॉझिट जप्त झालं' याची एवढी चेष्टा होते ती त्यामुळेच. ते वाचवता येत होतं, म्हणून गमावण्यात नाचक्की आहे. ठेकेदारीतही तसंच. टेंडर भरताना बयाणा रक्कम ठेवावी लागते, आणि काम दुसऱ्याला मिळालं की ती परत येते. नगरपालिकेच्या गटारीचं टेंडर हरलेल्या ठेकेदाराला जे मिळतं, ते परीक्षेत हरलेल्या मुलाला मिळत नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. रेल्वे भरती मंडळानं २०१८ पासून हे करून दाखवलंय. ५०० रुपये फी, आणि पहिल्या टप्प्याच्या कॉम्प्युटर परीक्षेला बसलात की त्यातले ४०० परत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास उमेदवारांना २५० रुपये फी, आणि परीक्षेला बसल्यावर ती सगळी परत, फक्त बँकेचे चार्जेस वजा करून. तिथं उमेदवारांची संख्या कोटीच्या पुढं गेलेली आहे. कोट्यवधी लोकांच्या खात्यात चारशे रुपये परत टाकणं रेल्वेला जमतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की फी घ्या, पण तिला एक नाव द्या. ते तिकीट असेल तर परीक्षेचा खर्च किती आणि जमा किती, हा हिशेब फॉर्मच्या त्याच शेवटच्या पानावर टाका. ते डिपॉझिट असेल तर आलेल्याला परत करा. दोन्ही बाजूंनी बोलायचं, खर्चाचं विचारलं की गांभीर्य सांगायचं आणि गांभीर्याचं विचारलं की खर्च सांगायचा, हे काही बरोबर नाही.

सवलतीबद्दलही बोलायला हवं, आणि ते जरा जपून. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी फी का, असा तक्रारीचा सूर मी कट्ट्यावर ऐकतो. त्या सुरात मला सामील व्हायचं नाही. ज्यांना शाळेच्या उंबऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अडवलं, त्यांच्यासाठी उंबरा खाली करणं हे उपकार नव्हेत. माझा प्रश्न बाकीच्या अर्ध्या पानाबद्दल आहे. त्याच फॉर्ममध्ये ईडब्ल्यूएसचा रकाना असतो. ज्यांच्याकडे कुणबी दाखला नाही असे आमच्याकडचे बरेच मराठा मुलगे-मुली केंद्राच्या संस्थांसाठी तो रकाना भरतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला तहसीलदारांकडून आणतात, त्यासाठी दोन-तीन चकरा मारतात. जागा वाटताना संस्था मान्य करते की हा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहे. पैसे घेताना मात्र पूर्ण फी. नॉन-क्रिमीलेयर ओबीसींचंही तेच. एकाच फॉर्मच्या दोन पानांवर एकच माणूस दुर्बल आहे आणि नाही.

आता यात कोल्हापूरचा संबंध फक्त मी इथं राहतो एवढाच नाही. शिक्षणाच्या दाराशी पैसे कुणी कुणाला द्यायचे, या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर या गावात दिलं गेलं होतं. १९०२ च्या जुलैमध्ये शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण भाषणांत ऐकतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ ला, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहं आली. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना यांच्या इमारती आजही दिसतात. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी ही एकटीच अडचण नसते हे त्या माणसाला कळलं होतं. राहायचं कुठं आणि खायचं काय, खर्च तिथं होता, आणि त्यांनी तिथंच हात घातला.

त्याहून मला विलक्षण वाटतो तो १९१७ चा निर्णय. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि जे पालक मुलांना शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड. म्हणजे शिकायला न येण्याचे पैसे! प्राथमिक शाळा आणि बिझनेस स्कूल यांची तुलना होत नाही हे मलाही समजतं. एक सगळ्यांचा हक्क आहे, दुसरी काही जणांची महत्त्वाकांक्षा. तरी पैशाची दिशा बघा. तिथं दाराबाहेर राहणाऱ्याला भुर्दंड होता, इथं दार वाजवणाऱ्याला आहे.

दंड आणि किंमत यांत फरक असतो, आणि तो कागदावर दिसतो त्याहून नाजूक असतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी पाळणाघरांचा एक प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती, तो वाढला. आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं. दंड आल्यावर लोकांना वाटलं, पैसे देतोय की. दंड काढून टाकल्यावरही उशीर पुन्हा कमी झाला नाही. पैसा मध्ये आला की नात्याचा अर्थ बदलतो, आणि पैसा काढून घेतला तरी जुना अर्थ आपसूक परत येत नाही.

परीक्षेच्या फीनं असंच काहीतरी होतं, आणि ते घरात होतं. फॉर्म भरायच्या आधी 'एमबीए करावं म्हणतोय' हे एका मुलाचं मन होतं. पैसे भरल्यावर ते घराचं देणं होतं. आईनं भिशीतनं काढून दिलेत, "अडीच हजार घातल्यात, आता न्हाई म्हणू नको." मधल्या काळात त्याला कळलं की आपल्याला हे करायचंच नाही, आपल्याला शेतीमालाच्या प्रक्रियेत काहीतरी करायचंय, तरी तो परीक्षेला जातो. ज्याच्या घरात अडीच हजारांची मोजदाद होत नाही, त्याला मन बदलायची मोकळीक असते. हे मला फीच्या आकड्यापेक्षा जास्त लागतं. तरुणपणी मत बदलता येणं ही चैन असू नये.

अनेक परीक्षांचं गणित तर वेगळंच. कॅट एके कॅट कुणीच देत नाही. २०२४ च्या हंगामात झॅटची फी २२०० होती आणि एक्सएलआरआयच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला दोनशे वर. स्नॅपची २२५० आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला १००० वेगळे. शिवाय राज्याची सीईटी. हौस न करता, मोजून-मापून भरलं तरी आकडा दहा हजारांच्या आसपास जातो. स्नॅप एका हंगामात तीनदा देता येते, प्रत्येक वेळी २२५० भरून, आणि तिन्हींतला सगळ्यात चांगला स्कोअर धरतात. सारख्याच बुद्धीचे दोघे घ्या. एकानं एकदा दिली, दुसऱ्यानं तीनदा. ताप, झोप, नशीब, सोपा-अवघड स्लॉट, या सगळ्याला दुसऱ्याकडे उतारा आहे. गुणवत्ता मोजणाऱ्या काट्यावर आणखी दोनदा उभं राहण्याचा हक्क इथं विकत मिळतो. फी जास्त असण्यापेक्षा मला हे जास्त खटकतं, कारण इथं पैसा दाराशी थांबत नाही, तो आत येऊन मार्कांत मिसळतो.

तारखांचंही तसंच आहे. कॅटची नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरमध्ये संपते. साखर कारखान्यांचा हंगाम त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, तो पाळला गेला तरी पैसे यायला दिवाळी उलटते. म्हणजे ऊसपट्ट्यातल्या घरात वर्षातली सगळ्यात कोरडी वेळ ती फॉर्मची वेळ. त्यात पंचगंगा. २०१९ ला कॅटची नोंदणी सुरू झाली ती तारीख होती ७ ऑगस्ट, आणि त्या दिवशी निम्मं कोल्हापूर पाण्यात होतं, शिरोलीजवळ हायवे बंद होता. मुदत दीड महिन्यापेक्षा जास्त होती, त्यामुळे मी याला अन्याय म्हणणार नाही. सगळ्यांना एकच तारीख दिली की सगळ्यांना सारखं वागवलं, एवढं मात्र म्हणता येत नाही.

आणि पेमेंट अडकणं. शेवटच्या दिवशी, रात्री, सर्व्हर रडत असताना पैसे कापले जातात आणि फॉर्मवर 'पेंडिंग' दिसतं. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम सांगतो, की यूपीआयनं व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून कापले गेले आणि समोर पोचल्याची खात्री आली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हा नियम लक्षात ठेवा, भांडताना उपयोगी पडतो. पण त्यात पैशांची काळजी घेतलीय, संधीची नाही. एका परीक्षेच्या वेळी आमच्या भावकीतल्या एका मुलीचं असंच झालं. पैसे चौथ्या दिवशी बिनबोभाट परत आले आणि मुदत पहिल्याच दिवशी संपली होती. नियमानं तिला एक रुपयाचंही नुकसान झालेलं नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा मला माझ्या काकांनी ऐकवला. ते म्हणाले, फी नको तर मग खर्च सरकारनं करायचा का? म्हणजे ऊसतोड मजुरानं काडेपेटीवर भरलेल्या करातून, उद्या वीस लाखांचं पॅकेज घेणाऱ्याची परीक्षा घ्यायची? मला याला उत्तर सुचायला वेळ लागला. मजुराकडून घेऊ नये हे बरोबरच. पण मग जो वीस लाखांच्या पॅकेजला पोचणार आहे त्याच्याकडूनच घ्या ना, प्रवेशाच्या वेळी. आयआयएमच्या दोन वर्षांच्या फीचा आकडा अनेक ठिकाणी वीस लाखांच्या वर आहे, आणि त्यासाठी बँका दारात येऊन कर्ज देतात. परीक्षेच्या फीसाठी कुठलीही बँक कर्ज देत नाही. काका यावर म्हणाले, "मग निवड झालेल्यानं न झालेल्यांचा खर्च का भरायचा?" मी म्हटलं, आत्ता उलटं चाललंय ते कुणाला खटकत नाही, म्हणून. ते हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. मलाही ते पूर्ण सुटलंय असं वाटत नाही. पन्नास जणांच्या धडपडीमुळेच एकाच्या निवडीला किंमत येते, तेव्हा त्या एकाचं पन्नासांशी काहीतरी देणं लागतं, इथपर्यंत मी पोचलोय.

आमच्या चुलतभावानं एमबीएच्या परीक्षा दिल्या नाहीत, त्यानं रेल्वेचा फॉर्म भरला होता. मीच भरून दिला. परीक्षा दिली, निकाल लागला, नाव नव्हतं. ते प्रकरण विसरूनही गेलो आम्ही. मग एक दिवस त्याच्या फोनवर खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, चारशेला थोडे कमी. आधी त्याला वाटलं कुणीतरी चुकून पाठवले. मग फ्रॉड असेल म्हणून त्यानं लिंक शोधली, ती नव्हती. त्याला काय ते कळेपर्यंत मला तीनदा फोन केला. "दादा, नापास झाल्यावर पण देत्यात?" मी म्हटलं, परीक्षेला गेलास ना, त्याचे. त्या पैशांतून त्यानं आईला पायताण आणलं.